शशीकाकांचा राहिलेला घाट

२१ जून, शनिवार. एजवेअर, लंडन

आजपासून रोजनिशी. मोठ्या प्रवासाची नोंद हवी. नाहीतर नंतर लोक आपापलं रचतात.

निर्णय झाला. मी चालत आल्प्स ओलांडणार.

रस्ता हजार वर्षं जुना. यात्रेकरूंचा. कँटरबरीच्या कॅथीड्रलपासून रोमपर्यंत. मध्ये फ्रान्स, मग स्वित्झर्लंड, मग ग्रेट सेंट बर्नार्ड नावाचा घाट. उंची जवळजवळ अडीच हजार मीटर. वर मठ, तळं आणि ते प्रसिद्ध प्रचंड कुत्रे.

खरं तर श्यामलाकाकूंनी एवढं मागितलं नव्हतं. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण, पण तसं म्हटलेलं त्यांना आवडत नाही. दोन वर्षं त्यांच्या वरच्या छोट्या खोलीत राहतोय. आईबाबा नागपूरला परत गेले, मी कोर्स पूर्ण करायला थांबलो. तिन्ही कोर्स अजून विचाराधीन आहेत.

काकूंचे यजमान शशीकाका रिटायर झाल्यापासून दर वर्षी दोन आठवडे या रस्त्यावर चालायचे. मागच्या वर्षी जिथे थांबले तिथून पुढे. असं करत करत घाटाच्या पायथ्याच्या गावापर्यंत पोचले. वर बर्फ पडला म्हणून परत आले. त्याच हिवाळ्यात गेले. तीन वर्षं झाली. घाट तेवढा राहिला.

काकू आता घर विकून ऑक्टोबरात कस्तुरीताईकडे, म्हणजे मुलीकडे, मँचेस्टरला जाणार. त्या म्हणाल्या, त्याआधी एवढं कर बाबा. ट्रेनने पायथ्याच्या गावी जा, शेवटचे दहाबारा किलोमीटर चाल, आणि वर गेल्यावर त्यांच्या वाटणीचा चहा कर. माझे गुडघे धड असते तर तुला सांगितलं नसतं.

मी म्हटलं, ट्रेनने गेलो तर तो काकांचा अपमान होईल. सगळा रस्ता चालणार. पहिल्या दगडापासून.

काकू म्हणाल्या, अरे, बाकीचा रस्ता त्यांचा झालाय. घाट तेवढा राहिलाय.

त्यांना व्हिजन नाही. पण माणूस चांगलं.

२२ जून, रविवार

मावंदं ठरलं. काशीयात्रेहून आल्यावर घालतात तसं जेवण. यात्रेकरूच्या पाया पडतात, तीर्थ देतात. कल्पना माझीच. तारीखही मीच दिली: रविवार, ५ ऑक्टोबर, याच घरात. म्हणजे घर जायच्या आत काकूंच्या स्वयंपाकघरातलं शेवटचं मोठं जेवण माझ्या मावंद्याचं.

काकू म्हणाल्या, आधी ये तर खरा.

कस्तुरीताई व्हिडिओ कॉलवर होती. ती इथेच वाढली, त्यामुळे तिचं मराठी धावतं पण अडखळतं. ती म्हणाली, आई, अनुपने अजून ड्रायव्हिंगचा टेस्ट नाही दिली. हा डोंगर कसा चढेल? मी म्हटलं, ताई, डोंगरावर गाडी नेणार नाहीये.  तिने फक्त कपाळाला हात लावला.

२९ जून, रविवार

बूट घेतले. दुकानात खोट्या खडकांचा छोटा चढ केलाय, बूट तपासायला. त्यावर वीस मिनिटं वर-खाली केलं. दम लागला नाही. माझ्यात उपजत काहीतरी आहे. शेवटी सेल्समन म्हणाला, सर, मागे लाइन आहे.

निघायची तारीख: १ जुलै.

३ जुलै, गुरुवार

हीटवेव्ह. अशा उन्हात निघणं बेजबाबदारपणा. शरीराला हळूहळू सवय करावी म्हणून दोन दिवस पंख्यासमोर झोपून श्वासाचे व्यायाम.

पण पाय स्थिर नाहीत. बसल्या जागी हलतात. काकू म्हणाल्या, टेबल हलतंय, वरणाची वाटी सांडेल.

१३ जुलै, रविवार

उद्या नक्की. काकूंनी सामान दिलं. काकांची तपकिरी माकडटोपी, वर गोंडा असलेली. काकांचा स्टीलचा पेला. आणि एक डबी: चहापत्ती, सुंठ, दुधाची पावडर, साखर. वर चिकटपट्टी. म्हणाल्या, वर पोचेपर्यंत उघडू नकोस. मी म्हटलं, काकू, मला काय लहान समजता?

मग फोनच्या रिंगबद्दल काहीतरी सांगत बसल्या. काका समुद्र ओलांडून गेले की रिंग बदलायची म्हणे. इकडे फोन लावला की दोन-दोन छोट्या वाजतात, तिकडे एकच लांब. काकू म्हणाल्या, ती लांब रिंग ऐकली की त्यांनी फोन उचलायच्या आधीच मला कळायचं, पोचले सुखरूप. मी हो हो म्हटलं. बुटांच्या नाड्या ओवत होतो, त्यामुळे सगळं डोक्यात शिरलं नाही.

पासपोर्ट ब्रिटिश आहे, म्हणजे व्हिसाची कटकट नाही. जाताना आईबाबांनी एवढं एक काम पूर्ण करून ठेवलं.

१४ जुलै, सोमवार. कँटरबरी

सकाळी ११. कॅथीड्रलच्या बाहेर किलोमीटर शून्याचा दगड. त्यावर उभा राहून फोटो काढला. एका जपानी बाईंनी विचारलं, आलात की निघालात? मी म्हटलं, दोन्ही. नंतर वाटलं, उत्तर खोल होतं.

दुपारी १. निघालो.

दुपारी ३. टाचेला फोड. प्लास्टर आणायला बसने परत कँटरबरी.

मुक्काम: कँटरबरी. पहिल्या दिवशी उगाच जास्त चालू नये असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

१६ जुलै, बुधवार

खेडं. बोटीचं बंदर डोव्हर आणि कँटरबरीच्या साधारण मध्ये. सफरचंदांच्या बागा, एक पब, एक दुकान, एक हिरवं बाक.

बाकावर टाच मोकळी करून बसलो होतो. समोरून एक आजी आल्या, काठीवर, आणि त्यांच्यासोबत एक अस्वल. अस्वल नव्हतं. सेंट बर्नार्ड कुत्री. नाव डेझी. माझ्या बुटावर डोकं ठेवून झोपली.

मी ज्या घाटाला निघालोय त्याच घाटाची कुत्री, अर्ध्या रस्त्यात, स्वतःहून माझ्या पायाशी. याला योगायोग म्हणणारे म्हणोत.

आजींचं नाव पॅट. सोमवारी हिपचं ऑपरेशन. डेझीला बघणारा मुलगा ऐन वेळी नाही म्हणाला. पॅट म्हणाल्या, तू यात्रेकरू ना, तुला दोन दिवस थांबता येणार नाही. मी म्हटलं, का नाही येणार? दोन दिवसांत आल्प्स कुठे पळून जातात?

२३ जुलै, बुधवार

पॅटचं ऑपरेशन छान झालं. अजून आठवडाभर तिकडेच, मग पुतणीकडे.

मी वेळ वाया घालवत नाहीये. डेझी हेच ट्रेनिंग. वजन सत्तर किलो. ती चालली तर मला ओढते, थांबली तर मी तिला ओढतो. दोन्ही प्रकारे मांड्यांना व्यायाम. ती बहुतेक थांबतेच. पबच्या पुढे पाऊल टाकत नाही.

काकूंचा फोन आला. कुठवर आलास? मी म्हटलं, समुद्र जवळच आहे. हे खरं आहे. हवा दमट आहे, इकडे ब्रेड फार छान मिळतो, हेही सांगितलं.  काकू म्हणाल्या, जेवतोस ना नीट?

खोटं एकही अक्षर बोललो नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

नवीन टाइमटेबल. ५ ऑगस्टला निघायचं. रोज पस्तीस किलोमीटर. रविवारी चाळीस. सप्टेंबरच्या सुरुवातीला घाट. वेळ उरला तर रोम.

सुंठेची डबी उघडली. एवढ्या उंचीवर करायचा चहा आधी करून बघायला नको? ऐन वेळी प्रमाण चुकलं तर जबाबदार कोण? एक कप केला. साखर जरा जास्त पडते. उद्या परत बघतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

प्रमाण अजून जुळत नाही.

पॅट परतल्या, पण वाकता येत नाही, डेझीला सांभाळणार कोण? मी माळ्यावरच्या खोलीत. पॅट म्हणाल्या, तुझी ती यात्रा? मी म्हटलं, यात्रा म्हणजे शेवटी काय? त्यांनी मला बटाटे सोलायला दिले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

बर्मिंगहॅमहून प्रणयचा फोन. जुना फ्लॅटमेट. आयटीवाला, तोंडाचा फटकळ. म्हणाला, कुठे आहेस, फ्रान्स की स्वित्झर्लंड? याला खरं सांगायला हरकत नव्हती. हसला तो पंधरा सेकंद. मग म्हणाला, अरे येड्या, डोव्हर तुझ्यापासून दहा मैलांवर. तिथून लोक पोहून फ्रान्सला जातात. या उन्हाळ्यात तू निघाल्यापासून किती जण पोहून पोचले असतील.

मी म्हटलं, ते टूरिस्ट. मी प्रोसेसवाला माणूस.

तो म्हणाला, काकूंना तरी सांग. म्हातारी वाट बघत असेल.

हे त्याने म्हणायला नको होतं. दिवसभर एका जागी बसवलं नाही. तीनदा गावाच्या टोकापर्यंत गेलो. तिथे पाटी आहे, बाण डोव्हरकडे. तीनदा परत आलो. डेझी एकटी होती.

२४ ऑगस्ट, रविवार

काकूंचा फोन दर रविवारी येतो. फार विचारत नाहीत. आज म्हणाल्या, तुझा फोन लावला की मी आधी थोडं ऐकते. मी म्हटलं, काय ऐकता? म्हणाल्या, काही नाही. मग म्हणाल्या, अनुप, नसेल जमत तर नाही म्हणायलाही हरकत नसते हं. मी म्हटलं, काकू, माझ्यावर विश्वास ठेवा, ५ ऑक्टोबरला पुरणाचा घाट घालायचा म्हणजे घालायचा.

टाइमटेबल बदललं. फ्रान्समधल्या कॅलेपर्यंत बोट, तिथून ट्रेन, पायथ्याच्या गावापासून चालत. म्हणजे काकूंनी पहिल्यांदा सांगितलं होतं साधारण तसं. पण आता ते माझ्या विचारातून आलंय, त्यामुळे वेगळं.

३१ ऑगस्ट, रविवार

दुर्घटना. डेझीने टोपीचा गोंडा खाल्ला.

टोपी मी घालून बघत होतो, माळ्यावर गार वारा येतो म्हणून. डुलकी लागली. उठलो तर टोपी डेझीच्या पंजाखाली आणि गोंडा नाही. डॉक्टर म्हणाले, कुत्रीला धोका नाही, बाहेर पडेल. टोपीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

पॅटनी दोन दिवस बसून नवा गोंडा करून दिला. जांभळा. त्यांच्याकडे तेवढीच लोकर होती. मी म्हटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही. पॅट म्हणाल्या, जिची टोपी आहे तिच्या येईल. मी म्हटलं, टोपी काकांची आहे. त्या म्हणाल्या, मी तेच म्हणतेय.

८ सप्टेंबर, सोमवार

काकूंचा मेसेज. टोपी, पेला आणि डबी पोस्टाने पाठव. लवकर मिळेल असं पाठव.

समजू शकतो. घर आवरताना जुन्या आठवणी येत असतील. काकांच्या वस्तू जवळ असाव्यात असं वाटत असेल. पाठवतो. घाटावर जाताना परत घेऊन जाईन.

प्रॉब्लेम डबीचा. आत तळाशी थोडी धूळ उरलीय. दुकानातून टी-बॅग आणल्या, फाडून भरल्या. साखर भरली. दुधाची पावडर मिळाली. सुंठ इथे कुणाला माहीत नाही. आल्याची बिस्किटं मिळाली. खलबत्ता नव्हता, बुटाने कुस्करली. बुटांचा पहिल्यांदा पुरेपूर उपयोग झाला. मिसळून चिकटपट्टी लावली. वास जवळजवळ तोच.

पार्सलवर माझा पत्ता टाकावा लागला. पोस्टातल्या बाईंनी मागितला. गाव, जिल्हा केंट.

टाकताना हात थांबला होता. मग मागच्या माणसाने खाकरून दाखवलं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज काकूंचा फोन नाही. पार्सल मिळालं असणार. पत्ताही वाचला असणार. रागावल्या असतील तर तसं म्हणावं.

ठरलं. गुरुवारी निघायचं. बोट पहाटेची.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस. बोटी चालू होत्या, पण समुद्र खवळलेला वाटला. इथून दिसत नाही. वाटला.

२० सप्टेंबर, शनिवार

दुपारी १२. काकूंना फोन लावला. मनाशी ठरवलं होतं, आज सरळ सांगायचं. मी केंटमध्ये आहे, जुलैपासून. निघालो होतो, खरंच निघालो होतो, पण निघाल्यावर पुढे काय ते जमलं नाही.

फोन वाजला. काहीतरी बिघाड. एकच लांब रिंग. मग गप्प. परत लांब.

नेटवर्क खराब असेल म्हणून कट केला. परत लावला. परत तसंच. लांब. गप्प. लांब. कुणी उचलेना.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी बाकावर होतो. पाय हलत नव्हते.

दुपारी ३. फोटो आला. तळं, मागे दगडी मठ, कडेला बर्फाचा पांढरा पट्टा. समोर काकू. साडीवर जाड जाकीट, डोक्यावर तपकिरी माकडटोपी, जांभळा गोंडा. हातात स्टीलचा पेला, त्यातून वाफ. फोटो कस्तुरीताईने काढलेला असणार, कारण कोपऱ्यात तिचं बोट आलंय.

खाली काकूंचा मेसेज: झाला चहा. आलं कमी आहे, बिस्किटाची चव लागते. बाकी बरा.

संध्याकाळ. पॅटना फोटो दाखवला.  म्हणाल्या, गोंडा छान दिसतोय.

डेझीनेही बघितला. घाट तिचा, माणसं माझी, आणि आम्ही दोघं इथे.

५ ऑक्टोबर, रविवार. एजवेअर

मावंदं झालं. ठरल्या दिवशी, ठरल्या घरात. यात्रेकरू बदलला एवढंच.

मी सकाळी आठलाच पोचलो. दारात कस्तुरीताई. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, तुझी बूट तर नवी दिसते. मग आत नेलं आणि पुरण वाटायला बसवलं.

हॉलमध्ये खोकी रचलेली, त्यांच्यामधून पंगत. काकू भिंतीशी खुर्चीत. लोक पाया पडत होते, काकू लाजत होत्या. तळ्याचं पाणी काकांच्या थर्मासमधून आणलं होतं. एकेक चमचा सगळ्यांच्या हातावर. माझी पाळी आली तेव्हा मी मान खाली घालून हात पुढे केला. काकूंनी दोन चमचे दिले. म्हणाल्या, तुला प्रवास लांबचा झाला.

हसले सगळे. मीही हसलो. काय करणार?

काकू सांगत होत्या, बस थेट मठाच्या दारात जाते. पण त्यांनी शेवटच्या वळणाच्या अलीकडे थांबवायला लावली. कस्तुरीताई ओरडली, ड्रायव्हरने फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं, काकू मराठीत म्हणाल्या, दार उघड बाळा, आणि त्याने उघडलं. उरलेला चढ लेकीच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेल्या. दर दहा पावलांवर थांबत. ह्यांच्या वाटणीचा घाट बसने कसा करणार, म्हणाल्या.

पंगत उठल्यावर मी मोठं पातेलं घासत होतो. काकू स्वयंपाकघरात आल्या, स्टुलावर बसल्या, गुडघे चोळत. मी पाठमोराच म्हटलं, काकू, मी केंटमध्येच होतो. त्या म्हणाल्या, अरे, तुला पहिला फोन केला तेव्हाच कळलं. रिंग इकडचीच होती. दर रविवारी ऐकायचे. म्हटलं आज बदलेल, उद्या बदलेल. मग सप्टेंबर आला. म्हटलं, दुसऱ्याच्या पायांच्या भरवशावर किती दिवस बसू?

मी म्हटलं, मग रागावला का नाहीत? त्या दिवशी फोनही उचलला नाहीत.

त्या म्हणाल्या, फोन हातातच होता. तुझं नाव दिसत होतं. म्हटलं वाजू दे. इतकी वर्षं ती लांब रिंग एजवेअरला बसून मी ऐकत आले. माझी कुणीतरी ऐकावी असं वाटलं.

पातेलं स्वच्छ झालं होतं. तरी घासत राहिलो.

मग म्हटलं, काकू, तुम्ही मँचेस्टरला जाताय ना, मी तिकडे चालत येतो. इथून. कालव्याच्या कडेने रस्ता आहे, मी नकाशा बघितलाय. तीन आठवड्यांत.

काकू म्हणाल्या, नको. बुधवारी व्हॅन येतेय. पुढे तीन जणांची जागा आहे. कस्तुरीच्या गॅरेजवर एक खोली आहे, नोकरी लागेपर्यंत राहा. खिडकीशी मी बसणार, मला बाहेर बघायला आवडतं. तू मध्ये बस. मांडीवर तुळशीची कुंडी धरायचीय.

आणि बूट खोक्यात भर, म्हणाल्या. कस्तुरीच्या पायाला होतात का बघू.